पार्टीचा कान

शहापूर,
शनिवार, १५ ऑक्टोबर २००५

प्रिय रघू,

नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. नसाल तर कळव, सहानुभूतीचं वेगळं पत्र पाठवीन.

मुरबाड काही परदेशात नाही, सरळ फोन कर, असं तू लिहिलंस. फोनवर माणूस "बरं, बरं" म्हणून मोकळा होतो आणि नंतर मी तसं म्हणालोच नव्हतो म्हणतो. कागदावर लिहिलेलं गिळता येत नाही, हे तालुका कचेरीत टेबलामागे बसून मी शिकलोय. तेव्हा मी पत्रच लिहिणार. तूही पत्रच लिही.

म्हसा गावच्या जत्रेत स्टेजवर वाजवायला आपल्याला बोलावलंय, हे वाचून आधी वाटलं की कमिटीचा पत्ता चुकला. नवतरुण बेंजो पार्टी बंद पडून किती वर्षं झाली, आणि आता तिच्यातल्या सगळ्यात तरुण माणसाला नातू झालाय. पण तू बेंजोला नवीन तारा चढवल्यास म्हणजे विषय संपला. मीही गिटार माळ्यावरून काढली. झुरळांनी तिची चांगली काळजी घेतली होती.

नवे स्पीकर मी पसंत करावेत असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत, हे रीतीला धरूनच झालं. प्रोग्रॅमच्या आधी मैदानाच्या पार मागे जाऊन उभं राहायचं काम कायम माझंच होतं. डोक्यावर हात म्हणजे ट्रेबल वाढव, पोटावर हात म्हणजे बेस वाढव, आणि दोन्ही हात जोडले की झालं, आता देवाचं नाव घ्या. गोमा ढोलकीवाला मला पार्टीचा कान म्हणायचा. पार्टीचं तोंड कोण होतं ते तुला ठाऊक आहे.

तर मी गेल्या रविवारी कल्याणला साईनाथच्या दुकानात गेलो. हा साईनाथ पंचविशीचा आहे आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी "क्लॅरिटी" म्हणतो. हल्ली पॉवर्ड स्पीकर आलेत. आपल्या वेळी मशीन वेगळं, भोंगा वेगळा, दोघांच्या मधली वायर कोणाच्या तरी पायात. आता मशीन डब्याच्या पोटातच बसवतात. गिटारची वायर मागे खुपसली की झालं. मला मोठी गंमत वाटली. एवढं तापणारं यंत्र पोटात घेऊन हा डबा गार कसा राहतो, हे मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने क्लॅरिटीच सांगितली.

पण रघू, आवाज म्हणशील तर गोधडीतून आल्यासारखा. खालचे सूर गुबगुबीत आणि वर काहीच नाही. तार छेडल्यावर जी एक धार निघते, कैरी कापताना पहिला कच्चकन आवाज येतो तशी, ती गायब. मी म्हटलं, "वरचा छोटा भोंगा मेलाय याचा." त्याने दुसरा डबा लावला. तोही मेलेला. तिसराही. शेवटी त्याने डब्याला कान लावला आणि म्हणाला, "काका, चालू आहे. जोरात चालू आहे."

मी त्याला सांगितलं, "दिवसभर रस्त्याच्या गोंगाटात बसतोस, तुझे कान गेलेत. तपासून घे."

पोरगं सभ्य आहे. माझ्यासाठी चहा मागवला.

तुझा,
अनंता


शहापूर,
रविवार, ६ नोव्हेंबर २००५

प्रिय रघू,

दिवाळी झाली. डब्याच्या तळाला चकल्यांचे तुकडे उरलेत, म्हणजे सणाची सांगता झाली. तुझं पत्र पोचलं. "तू म्हणशील तो घेऊ, तुझ्या कानावर माझा भरवसा" या वाक्याखाली तू रेघ मारलीस. ती मारायला नको होती.

साईनाथने एक बारा इंची डबा घरी वाजवून बघायला दिलाय. गेले काही दिवस मी शास्त्रज्ञ झालोय. डबा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की बेस असा फुगतो की फळीवरची पातेली थरथरतात. तोच भिंतीपासून ओढून मधे आणला की पोट आत जातं. म्हणजे निम्मा बेस डब्याचा नसून भिंतीचा असतो. मग मी तो मागच्या खळ्यात नेला. तिथे भिंत नाही, छप्पर नाही; बेस असा नाहीसा झाला, जसा इलेक्शननंतर उमेदवार. जमिनीवर ठेवला तर पुढे उभ्या माणसाच्या पोटऱ्यांना ऐकू येतो आणि मागच्याला नाही. पिंपावर चढवला, कानाच्या उंचीला आला, तर बांधापर्यंत पोचला. जत्रेत तर समोर माणसंच माणसं, आणि माणसाचं अंग आवाज पिऊन टाकतं. तेव्हा घरात सरावाला आठ इंची छोटा डबा पुरे. स्टेजला बारा इंचीचे दोन, स्टँडवर, डोक्यांच्या वर. शिवाय एक आपल्याकडे तोंड करून, नाहीतर आपण काय वाजवतोय ते आपल्यालाच कळायचं नाही. एवढं पक्कं समज.

धार मात्र इथेही नाही. ट्रेबलचं बटण मी शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे जराशी चाहूल लागली. तेवढ्यात भागीरथी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "अवो, बंद करा ते. भांडी घासायची राख दातांत गेल्यासारखं होतंय."

मी म्हटलं, "याला धार म्हणतात."

"मग विळीला लावा ती."

शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. कुत्रा बांधावर जाऊन बसला आणि माझ्याकडे पाठ केली. सगळ्या जगाचे कान असे नाजूक कधी झाले, हे मला कळत नाही. आपण वरातीत टेम्पोवर वाजवायचो तेव्हा माझी जागा थेट भोंग्याखाली असायची, आणि नवरदेवाने कधी तक्रार केली नाही.

त्यावरून आठवलं. आमच्या साप्ताहिकातला माझा रातकिड्यांवरचा लेख तू अजून जपून ठेवलायस हे वाचून बरं वाटलं. हायवे रुंद झाला, प्लॉट पडले, आणि शहापूरचे रातकिडे बदलीचा अर्ज करून निघून गेले, असा तो लेख. लोकांना फार आवडला होता. कचेरीतल्या साहेबांनी स्वतः पाठ थोपटली. तेव्हा तू कळवलं होतंस की मुरबाडला अजून आहेत. मी उत्तर दिलं होतं की मुरबाडहून सगळंच उशिरा जातं.

आणखी एक लिहायचं होतं, पण पान संपलं.

तुझा,
अनंता


शहापूर,
रविवार, २० नोव्हेंबर २००५

प्रिय रघू,

अर्धं पान कोरं ठेवून "पान संपलं" असं कसं लिहिलंस, हा तुझा प्रश्न रास्त आहे. आज पान भरून लिहितो.

गेलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. दिवेलागणीला मी खळ्यात डबा बंद केला. भागीरथी सुपात तांदूळ घेऊन पायरीवर बसली होती. मी म्हटलं, "बघ, बंद केल्यावर कसं शांत वाटतं."

ती म्हणाली, "कुठं शांत? रातकिड्यांनी डोकं उठवलंय."

"कुठले रातकिडे?"

"हेच की. सगळीकडं."

मला वाटलं चेष्टा करतेय. मी बांधापर्यंत गेलो, खाली वाकलो. गवत हलत होतं, शेताचा वास येत होता, लांब एक ट्रक घाटाच्या दिशेने घुरघुरत चालला होता. बाकी काही नाही. परत आलो आणि विचारलं, "आता पण ओरडतायत?"

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली.

"आणि मी लेख लिहिला तेव्हा?"

"तवा पण होते. मला वाटलं तुमी मस्करी केलीय. तुमी सगळ्यांचीच करता."

बघ रघू. सगळं गाव हसलं, पाठ थोपटली गेली, आणि तो लेख मी अगदी मनापासून लिहिला होता. माझं एवढं एक लिखाण प्रामाणिक, आणि तेवढंच लोकांना विनोदी वाटलं.

गेली काही वर्षं ती जेवताना माझ्या उजव्या हाताला बसते. मला वाटायचं, चूल जवळ पडते म्हणून. उजव्या कानाने मला थोडं बरं ऐकू येतं, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. कुकरच्या शिट्या ती मोजते. नळ ठिबकत राहिला तर ती उठते. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर माझ्यावर लेख लिवला असता तुमी."

लिहिलाच असता.

कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कानाला डबडं लावून ते बारीक शिट्या वाजवतात आणि ऐकू आली की बोट वर करायचं. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा मी त्यांना विचारलं, "सुरू कधी करताय?" ते म्हणाले, "संपत आलं." खालचे सूर शाबूत आहेत. वरचे गेले आणि परत येणार नाहीत. इतकी वर्षं भोंग्याखाली उभं राहिल्यावर जातातच म्हणे. भाताचं रोप उभं आहे, लोंबी तेवढी उंदरांनी खाल्ली, असं समज. साईनाथचे तिन्ही डबे जिवंत होते. मी त्याची माफी मागितली, तर त्याला क्लॅरिटी हा शब्दही सुचला नाही.

आणि फोनचं कारण कचेरी नव्हे. फोनवर तुझा आवाज येतो, पण शब्दांच्या कडा झिजून गेलेल्या असतात. तू विनोद करतोस हे कळतं, कुठला ते कळत नाही. पत्रात तुझं सगळं ऐकू येतं.

आता मला एकच विचारायचंय. तूही टेम्पोवर माझ्या शेजारीच असायचास, भोंग्याच्या दुसऱ्या अंगाला. आज दिवेलागणीला अंगणात उभा राहा. आधी डाव्या कानात बोट घाल, मग उजव्या. काय ऐकू येतं ते कळव. मला फार उत्सुकता आहे, आणि थोडी भीतीही.

स्पीकरचं काम मात्र झालंय. गेल्या रविवारी भागीरथीला दुकानात नेलं. साईनाथने एकामागून एक डबे लावले, मी प्रत्येकावर तीच धून वाजवली आणि ती डोळे मिटून स्टुलावर बसली. एकाला म्हणाली, "हा नाकात बोलतो." दुसऱ्याला, "ह्याच्या घशात काटा अडकलाय." तिसऱ्याला नुसती मान डोलावली. तो घेतलाय. स्टेजला तसेच दोन. आपल्याकडे तोंड करून ठेवायचा छोटा डबाही तिनेच निवडला, नंतर तोच घरी सरावाला. ट्रेबलचं बटण तिने जिथे आणून ठेवलं तिथे मला गिटार सायीत बुडवल्यासारखी ऐकू येते. पण कुत्रा परत पायरीवर येऊन बसतो. त्याचं मत मी ग्राह्य धरलंय.

तू ज्या कानावर भरवसा ठेवून खाली रेघ मारलीस, तो कान रद्द झाला. जत्रेत मी मागे उभा राहिलो तर डोक्यावरचा हात खालीच येणार नाही आणि सगळ्या म्हसा गावाच्या दातांत राख जाईल. वाजवायचं मात्र मला आहे. बोटांना सगळं पाठ आहे आणि खालचे सूर अजून माझे आहेत. म्हणून विचारतो, मैदानाच्या मागे भागीरथी उभी राहिली तर पार्टीला चालेल का? आपल्यात बाईमाणूस कधी आलं नाही, हे मला ठाऊक आहे. गोमा कुरकुरेल. त्याला सांग, अनंता वीस पावलांवरचे रातकिडे ऐकू शकत नाही, ती बांधापलीकडचे ऐकते. तरीही नको असेल तर गिटार पुन्हा माळ्यावर जाईल, झुरळं वाट बघतायत.

मी तिला विचारलं तेव्हा तिने एकच अट घातली. "भर जत्रंत पोटावर हात ठेवून मी उभी राहणार नाय. लोक काय समजतील?" तेव्हा खुणा बदलल्यात. पदर डोक्यावर घेतला की ट्रेबल वाढवायची, खांद्यावर घेतला की कमी करायची, कमरेला खोचला की बेस वाढवायचा. शेवटची खूण तिने तीच ठेवली.

तुझं उत्तर येईपर्यंत, आणि ते हो असेल तर जत्रेत मैदानाच्या मागे तिचे दोन्ही हात जोडलेले दिसेपर्यंत, पहिलं गाणं न छेडणारा,

अनंता