मशीनरूमच्या घड्याळाची सात मिनिटं

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, एकेकाळची प्रोग्रॅमर, पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दडपणाखाली हे लिहीत नाही. रागाने मात्र लिहिते आहे, आणि तो राग बावन्न वर्षं जपलेला आहे.

१. शिवणयंत्र भावजयीला, धाकट्या भावाच्या बायकोला. "हे सगळं तुम्हीच लिहिलेलं ना, ताई?" असं तिने एकदा नवऱ्याच्या पुस्तकाबद्दल भर पंगतीत विचारलं होतं. भावाने तिला पाणी आणायला पिटाळलं.

२. कपाटातले पंचकार्डांचे, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम लिहिलेल्या कार्डांचे, चार खोके विद्यापीठातल्या त्या पोरीला. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा माग काढताना तिला एका तळटीपेत 'पाटी' हे नाव सापडलं आणि ती चार जिने चढून आली. "आजी, पाटी नावाची भाषा खरंच होती का हो?" होती! मी घडवली. आमच्या यंत्राची पहिली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कुणाचं काम आधी नि कुणाचं मागून हे ठरवणारा सगळा कारभार, मी पाटीत लिहिला. गठ्ठा हातातून पडला तर कार्डं पुन्हा क्रमाने लावता यावीत म्हणून त्याच्या कडेवर आम्ही तिरकी रेघ ओढत असू. माझी रेघ लाल, दुहेरी. पोरीने ती नीट बघावी.

३. धाकटा भाऊ, ज्याला जग 'सर' म्हणतं. नोकरीला त्याला मीच चिकटवलं. दोन वर्षांत पठ्ठ्याने माझी सिस्टीम नव्या भाषेत उतरवली, वर स्वतःचं नाव घातलं, आणि मला म्हणाला, "ताई, तुझं लग्न ठरतंय, तुला कशाला हवंय नाव?" लग्न मोडलं. नावही गेलं.

त्याला मशीनरूमचं घड्याळ द्यावं. निवृत्त होताना मी ते उचलून आणलं. ते कायम सात मिनिटं मागे. दुरुस्तीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर धूळ खात पडलेला, म्हणून त्या घड्याळात बघून यंत्रात भरलेल्या वेळेत माझा प्रोग्रॅम सात मिनिटं मिळवायचा. भावाने नकलेत तेही उतरवलं. नव्या इमारतीतलं घड्याळ बरोबर होतं, त्यामुळे यंत्राची वेळ सात मिनिटं पुढे जाऊ लागली. मग त्याने खाली कुठेतरी सात वजा केले! त्याच्या पुस्तकात याला 'वेळेचा सूक्ष्म तोल' म्हटलं आहे. पोरं परीक्षेत हे लिहितात.

४. माझ्या घरावर भावाचा डोळा आहे. मिळेल. अट एकच: पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर, त्याच्याच हस्ताक्षरात, हे छापलेलं हवं: "ते सात कशाला, मला कधीच कळलं नाही. सिस्टीम ताईची आहे." सहा महिन्यांत छापलं नाही, तर वकीलबाईंनी घर विकून पाटीचं पुस्तक काढावं आणि पहिली प्रत त्याला पोस्टाने धाडावी.

आपल्याला फसवलं असा कांगावा त्याने करू नये. नक्कल करताना त्याने मला फोन केला होता. "ताई, ते सात कशाला गं?" हा काय करतोय ते मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, "असू दे रे, लागतात."

लिहून ठेवणार: थोरली बहीण (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरची शिंपीण (सही), औषधांच्या दुकानाचे मालक (सही)
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
तारीख: ९ मार्च. वेळ सकाळी अकरा वीस. भिंतीवरच्या घड्याळात अकरा तेरा.