कोबोलच शिकवा, भाऊजी

पाचपावली, नागपूर
११ जुलै १९८६

तीर्थस्वरूप रुपराव भाऊजींना धाकटा मेहुणा जागेश्वर याचा साष्टांग दंडवत.

मोतीबिंदूचे ऑपरेशन सुखरूप पार पडल्याचे कळले आणि जीव भांड्यात पडला. (मी नागपूरचे डॉक्टर सुचवले होते म्हणून आपण मुद्दाम भंडाऱ्याला गेलात, हेही कळले.) डोळ्यावर हिरवी पट्टी आहे तोवर गोदूताई पत्रे वाचून दाखवते म्हणे, तेव्हा तिलाही नमस्कार. आपला माग बंद असल्यामुळे उमरेडच्या निम्म्या गल्लीला दुपारची झोप लागत नसेल, त्याची खडखड सवयीची झाली होती.

आता आपल्या रुख्मिणीचा विषय. गणितात कॉलेजात पहिली आलेल्या पोरीने कम्प्युटरची कोणती भाषा शिकावी याची चौकशी जागेश्वरने करावी, ती भाषा आपल्याला पटली तर पोरगी नागपुरात राहील, नाहीतर उमरेडला परत आणि पवनीच्या स्थळाला होकार, असे आपण बजावले होते. चौकशीला मी रुख्मिणीला घेऊन निघालो, तर आमची सौ. रंभाही निघाली. तिचा प्रश्न साधा होता. "अजी, हे भाषा बोलते कोन?" कोणी बोलत नाही, नुसती लिहितात, असे मी सांगितले. "मंग मले शिकवा, घरात भांडनं तरी होनार नाहीत," म्हणाली.

सीताबर्डीच्या कम्प्युटर क्लासात दारातच चपला काढायला सांगतात. (आत धूळ चालत नाही. यंत्रासाठी खोली थंड ठेवलेली, माणसे शाल घेऊन बसलेली.) चपला काढायच्या म्हटल्यावर रंभाने पदर डोक्यावर घेतला, यंत्राला हात जोडले आणि मी "अगं" म्हणेपर्यंत प्रदक्षिणेला निघाली. अर्ध्या प्रदक्षिणेत तिचा पाय वायरीत अडकला. पडदा काळा झाला आणि सरांनी सकाळपासून लिहिलेले सगळे पुसले गेले. सर खुर्चीत बसले ते उठेचनात. तेव्हा मागे उभी असलेली रुख्मिणी पुढे झाली आणि पडद्यावर नुसते वाचलेले सगळे तिने जसेच्या तसे टाइप करून दिले. शिवाय त्यातली चुकलेली एक ओळ सुधारली. सर म्हणाले, "मामाजी, ही पोरगी कुठी होती गा आतापर्यंत? हिले पास्कलमध्ये टाका. गणितवाल्याची भाषा हाय ते."

"पास कल?" रंभा म्हणाली. "मंग आज काय नापास?"

भाऊजी, मलाही ती भाषा मुळीच पटली नाही. त्यात म्हणे प्रत्येक वस्तूचे नाव आणि जात आधी जाहीर करावी लागते, मगच काम सुरू. म्हणजे ताण्याचे उभे धागे पुरते लावल्याशिवाय धोटा हलवायचा नाही, असा आपल्या मागासारखा हट्टीपणा. असल्या शिस्तीने कुणाचे भले झाले आहे? त्याउलट तिथलीच दुसरी भाषा कोबोल पाहा. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांची बिले, कारकुनांचे पगार, सगळे त्यात. गणित बेरजेपुरते, म्हणजे पोरीच्या डोक्याला त्रास नाही. तेव्हा माझा ठाम सल्ला : कोबोल. पास्कलचे नावही काढू नये. या बाबतीत आपण एकदा तरी माझे ऐकाल अशी खात्री आहे.

आपला आज्ञाधारक,
जागेश्वर

ता. क. : गोदूताई, इथून पुढे मनात वाच. पोरीला पास्कलच शिकायची आहे, रात्रंदिवस तेच बडबडते. मी कोबोलसाठी एवढा का ओरडतो आहे ते बाविसाव्या वर्षापासून भाऊजींचा संसार करणाऱ्या तुला सांगायला नको. ते चिडून "पास्कल!" म्हणाले की पट्टी निघायची वाट न पाहता त्यांच्या नावाने उत्तर लिहून टाक. पवनीचे पाहुणे वीस तारखेच्या रविवारी येणार आहेत, त्याआधी ते मला मिळायला हवे.

आणखी एक : तू अशी गप्प झालीस की ते "काहून थांबली वं?" म्हणतील. तेव्हा मोठ्याने एवढेच वाच : "जागेश्वरने आंब्याचे लोणचे पाठवले आहे." (पाठवलेले नाही. पण माझ्याकडचे म्हटल्यावर ते मागणार नाहीत.)