रेकॉर्डची मागची बाजू

मेम्फिस, ३ मार्च १९६२

इझेल टॅटमची पहिली रेकॉर्ड आली. पुढच्या बाजूला नाचाचं गाणं. सगळे तेच वाजवतात. मागच्या बाजूला संथ प्रेमगीत आहे. त्यात पायरीवर पिवळा झगा घालून एक मुलगी वाचत बसते आणि मान वर करत नाही.

माझा झगा पिवळा आहे. मी पायरीवर वाचते. चर्चमध्ये इझेल दोन वर्षं माझ्या मागच्या रांगेत गायचा. घरातली पहिली पदवीधर आणि शाळेतली मास्तरीण म्हणून मी घाईने निष्कर्ष काढणार नाही.

५ मार्च

निष्कर्ष काढला.

संकल्प: हे गाणं रेडिओवर लागलं पाहिजे. हेतू फक्त कलेचा, आपल्या समाजाच्या उन्नतीचा. आवाज बदलून स्टेशनला फोन केला. निवेदकाने विचारलं, सकाळचे दोन्ही फोनही तुमचेच का बाई? मी आणखी जाड आवाजात नाही म्हटलं.

९ मार्च

आईला विश्वासात घेतलं. वीस वर्षं लाँड्रीत इस्त्री करणारी बाई. म्हणाली, गेल्या ईस्टरला मी एकटीने अकरा पिवळे झगे इस्त्री केलेत गं. आईला काव्य कळत नाही.

१४ मार्च

मिसेस पेटिग्रूच्या खानावळीत ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून मागची बाजू ओळीने पाच वेळा लावली. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक नाचायचं सोडून पेंगतंय. मी समजावलं, काही गाणी विचार करण्यासाठी असतात. मग घरी जाऊन कर विचार, म्हणाल्या.

१७ मार्च, संध्याकाळी ६.१०

लागलं! अर्धंच. मग पिठाची जाहिरात. तरीही.

२४ मार्च

उद्या इझेल चर्चला येणार. पिवळा झगा घालायचा नाही. तो आपणहून बोलला पाहिजे.

२५ मार्च

पिवळा घातला. बाकीचे धुवायला होते.

प्रार्थना संपल्यावर तो थेट माझ्याकडे आला. "मास्तरीणबाई, तुमच्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही," म्हणाला. मी बाकाला धरून उभी राहिले. त्याने नऊ पत्रं काढली. चाहत्यांची. उत्तरं लिहून हवी होती; त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

निव्वळ वाङ्मयीन कुतूहल म्हणून विचारलं, गाण्यातली मुलगी कोण?

"कोणी नाही हो. शब्द कंपनीच्या हिशेबनिसाने जुळवले. आधी ती निळ्या झग्यात होती, बसमध्ये. ठेक्यात बसेना."

२६ मार्च

नऊही जणींची खात्री आहे की ती मुलगी आपणच. एकीजवळ पिवळा झगाच नव्हता, तिने पांढरा रंगवून घेतला. बिचाऱ्या. प्रत्येकीला प्रेमाने लिहिलं, की प्रिय भगिनी, हे गाणं कुणा एकीवर नाही, वाईट वाटून घेऊ नका, एखाद्या उपयोगी कामाला लागा.

पाकिटं पाहून आईने विचारलं, पत्रं नऊ आणि उत्तरं दहा कशी.

मोजताना चूक झाली, म्हटलं. तिने माझ्या ताटात कोंबडीचा दुसरा तुकडा वाढला.