तुमची पन्नासची, माझी पन्नासची

आप्पा, तुमच्या कॅमेऱ्याच्या पन्नास एमएमच्या लेन्सला ऊन दाखवलं. तुमच्यामागं इतकी वर्षं कपाटात अंधारात पडून तिची काच पार चहाच्या पाण्यासारखी पिवळी झाली होती. जुन्या काचेचा असला पिवळेपणा उन्हानं उतरतो, असं दौंडला एका फोटोवाल्यानं सांगितलं, म्हणून शिरूरला आईच्या घरी गच्चीवर, आईनं जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या त्यांच्याच शेजारी तिला ठेवली. आई म्हणाली, "ती बी वाळवून तळायची हाय का?" मी हसले आणि खाली आले. दुपारी जळकट वास आला तेव्हा दोघीही जिन्यानं धावलो. काचेतून ऊन एका जागी गोळा होऊन लुगड्याला बोराएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडेनं धूर निघत होता. आईनं तांब्यातलं पाणी ओतलं, कुरडया भिजल्या, आणि मग मला जे धारेवर धरलं! "तुझ्या बापानं हयात घातली ह्या लेन्सवर, पर कवा घर न्हाई पेटवलं!" खरं सांगते, रागावलेली ती मला फार बरी वाटली. एवढा आवाज निघतोय म्हणजे अजून दम आहे, असं मनात आलं, आणि असं मनात येतंय म्हणून स्वतःचाच राग आला.

काचेचा पिवळेपणा उतरला बराच. अजून थोडी झाक आहे, पण चालतंय. मीही लग्नांच्या कामासाठी नवी पन्नासची घेतली आहे. तुमच्या लेन्सच्याच कंपनीची, आकडे तेच, आतून मात्र सगळंच निराळं. तुमची मिठाच्या वाटीएवढी, माझी भरल्या तांब्याएवढी. माझ्यात मोटार आहे, समोरच्याचा डोळा ती आपण होऊन हुडकते. तुमची हातानं फिरवावी लागते आणि फिरवताना तिच्यातलं जुनं ग्रीस जाणवतं. एक कडं लावलं की ती माझ्या कॅमेऱ्यावर बसते, तेव्हापासून मी दोघींना घेऊन नुसती भटकतेय. घोड नदीचा पूल दोघींनी काढला. न्हावऱ्याच्या रस्त्यावरचा ऊस काढला, दौंडला रेल्वेची पाण्याची टाकी काढली, घरामागची विटांची भिंत तर किती वेळा काढली. नवरा म्हणाला, "अगं बास, भिंत लाजायला लागली आता." मग कॉम्प्युटरवर मोठं करून बघत बसते. लेन्सच्या आतल्या पाकळ्या पूर्ण उघड्या ठेवल्या तर माझी कोपऱ्यातली वीटसुद्धा कातरून दाखवते, तुमची मध्ये बरी आणि कडेला विरघळते. उजेड समोर असला की तुमची तो सांडते, पांढऱ्याच्या भोवती दुधाची साय धरल्यासारखं होतं. पाकळ्या जरा मिटल्या की दोघींत फारसा फरक उरत नाही. मला हे सगळं पाठ झालंय. तरी चैन नाही, परत कॅमेरा उचलते.

ही लेन्स हातात घेतली की मला तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार दिसतो. तुम्ही निळा पडदा बांधताय, मी स्टूल पुसतेय. भाजी विकून झाली की म्हातारी माणसं यायची, डोक्याला नवा पटका, नाहीतर घडी मोडलेलं लुगडं. तुम्ही विचारायचात, "मोठा करायचाय का, मामा?" आणि मामा इकडं तिकडं बघत म्हणायचे, "व्हय, जरा मोठाच करा." बस. कशासाठी ते तुम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. भिंतीवर लावायचा, हार घालायचा तो फोटो आपण हिंडतं-फिरतं असतानाच काढून ठेवायचा, मागं पोरांची धांदल नको, एवढा साधा हिशेब. मग तुम्ही कॅमेऱ्यामागं जायचात. माणूस छाती फुगवून, श्वास कोंडून बसलेलं असायचं. तुम्ही म्हणायचात, "श्वास सोडा… हं, ऱ्हाऊ द्या असंच." खांदे खाली यायचे, चेहरा आपल्या जागी यायचा, आणि तेव्हा तुम्ही बटण दाबायचात. अजून त्या गावांतल्या भिंतींवर तुमची माणसं आहेत. पाबळला एका घरी जेवायला बसले होते तर समोरच्या भिंतीवरच्या आजी मी ओळखल्या, स्टुलावर त्यांना मीच बसवलं होतं.

आणि तुमचा स्वतःचा फोटो? त्याचं मात्र हसं झालं. तुम्ही अचानक गेलात. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून तुम्हाला कापून काढलं, मोठं केलं, खांद्याशी दुसऱ्याच्या फेट्याचा तुकडा तसाच राहिला. आई दिवा लावताना दर वेळी तिकडं बघते आणि म्हणते, "ह्यो मानूस कोन हाय, मी वळखत न्हाई." म्हणूनच असेल, मटार सोलता सोलता एकदम म्हणाली, "माझा एक मोठा काढ. आन् त्यांच्याच लेन्सनं काढ." तिचे हातपाय चालतात, डोळे दिसतात, दुखणं असं काही नाही, हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हनूनच म्हनती." तेव्हापासून हे सुरू आहे, आप्पा. आधी मी म्हणाले, काच पिवळी आहे. मग म्हणाले, दोन्ही लेन्सा ताडून बघते, कुठली बरी ते ठरवते. फोनवर रोज विचारायची, "झाली का परीक्षा? का दहावीला बसवलीस तिला?" मला भीती वाटते, दुसरं काही नाही. तो फोटो घरात तयार आहे म्हटल्यावर मला झोप कशी लागेल?

गेल्या रविवारी कारणं संपली. पूर्वेच्या दाराशी खुर्ची ठेवली. आई हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली. आधी माझी लेन्स लावली. तिनं लगेच डोळा धरला, पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतका स्वच्छ फोटो, आणि चेहरा तहसील कचेरीत आधारकार्डाला बसल्यासारखा. मी म्हटलं, "आई, जरा हस की." ती म्हणाली, "मोठ्या फोटूत हसत्यात व्हय?" मग तुमची लावली. कडं घट्ट बसवलं, फोकस फिरवायला लागले. तुमची लागलीय हे तिला आवाजावरनं कळलं की लेन्सकडं बघून कळलं, देव जाणे. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, आणि आईनं आपण होऊन श्वास सोडला. खांदे खाली आले. पदर सारखा केला. ती माझ्याकडं बघतच नव्हती, आप्पा. इतकी वर्षं मी तिची लेक आहे, पण असं तिनं माझ्याकडं कधी बघितलेलं नाही. मी बटण दाबलं. डोळा न काढता कॅमेऱ्यातच बघितलं, पांढऱ्या केसांवर उजेड सांडलेला, एक कान थोडा विरघळलेला, आणि मधोमध ती, सगळीच्या सगळी. मला रडू आलं म्हणून मी कॅमेरा खाली घेतलाच नाही.

"आला का?" तिनं विचारलं.

"हलला गं. परत काढावा लागेल. पुढच्या रविवारी येते."

ती गुडघ्यांवर हात देऊन उठली. "तुझा बाप बी असाच. कवा बी म्हनलं, माझा एकटीचा मोठा काढा, की म्हनायचा रोल संपलाय. दुकानात रोलांची खोकी भरल्याली असायची." एवढं बोलून ती उरलेल्या कुरडया तळायला आत गेली. भिजलेल्यांतल्याही काही तळल्या, त्या फुलल्या नाहीत, आम्ही तशाच खाल्ल्या.

उद्या रविवार. चौफुल्यावरून शिरूरला जाताना काहीतरी नवीन सुचेल, बॅटरीचं, उजेडाचं. हा कागद लेन्सच्या चामडी डबीत घालून ठेवते, तुम्हाला तिथलीच सवय. आणि तुम्हालाच सांगते, आईला सांगायचं नाही. फोटो हलला नव्हता.