ओठामागचा पांढरा डाग

८ जानेवारी
ठेचा तोंडाले झोंबून राह्यला, तीन हप्ते झाले. खालच्या ओठाच्या आत, समोरच्या दातांखाली. आज सुनेनं धरलंच. "मम्मीजी, आप मिर्ची अलग क्यों रख देती हो?" नीलू किरनापूरची, बोलते हिंदीत, पाहते पोलिसासारखी. उद्या इथं बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात तोंड तपासाचं शिबिर आहे, नेतेच म्हणे. मी म्हटलं, मले काय झालं? ना पान, ना खर्रा, ना बिडी. एकोणचाळीस वर्षं मास्तरीण होती, पोरांच्या खिशातल्या पुड्या मीच जप्त करत होती. तिच्या समाधानासाठी जाईन.

९ जाने.
शिबिरात लाइन मोठी, बहुतेक माणसंच. बाया चार-पाच. टेबलावरच्या नर्सनं विचारलं, "तंबाखू, गुटखा, कुछ लेती हो अम्मा?" मी ठणकावून, "नहीं." तिनं तसं लिहिलं.

आत डॉक्टरीण, नीलूच्याच वयाची. म्हणे आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घाला. तिन्ही बसली. जीभ इकडे करा, तिकडे करा. मंग ओठ खाली ओढला अन् बॅटरी तिथंच थांबली.
"दाँत किससे साफ करती हो?"
"गुडाखू से."
"कब से?"
"शादी के बाद से."
तिनं नर्सचा कागद मागवून 'नहीं' खोडलं. मले राग आला. म्हटलं, गुडाखू मंजन आहे, तंबाखू नाही. वाद नाही घातला तिनं. म्हणे, घर जाके डिब्बी पढ़ लेना.

पांढरा डाग आहे. सध्या नुसता डाग. आजपासून गुडाखू बंद, तीन हप्त्यांनी दाखवा, नाही गेला तं तुकडा काढून तपासू. "अच्छा हुआ अभी आईं. लोग तब आते हैं जब निवाला नहीं उतरता." असं म्हणाली.

घरी येऊन चष्मा लावला. बारीक अक्षरात पह्यलंच नाव तंबाखू. वर रोगाचं चित्रही होतं. रोज त्याच्यावरच अंगठा ठेवून झाकण उघडत होती मी. एवढ्या पोरांले वाचायले शिकवलं, अन् घरची डबी नाही वाचली. कोणाले सांगू हे? नीलूले तं नाहीच.

१२ जाने.
बंद केल्याचा तिसरा दिवस. डोकं भणभणते. पोट साफ नाही. नीलूवर दोनदा खेकसली, चूक माझीच होती. सकाळी हात आपोआप कोनाड्याकडे जाते. पेस्ट लावून पाह्यली, लहान पोराच्या औषधासारखी लागली.

उन्हात बसली तं कटंगीकडलं सासर डोळ्यापुढे आलं. परसात पेरूचं झाड, त्याच्या बुडाशी राखेचा ढीग, थुंकायले. सकाळचं झाडझूड झालं की सासूबाई डबी काढत. शेजारच्या बाया कुंपणातूनच येत. बोट दातावर अन् बोलणं चालू. त्या अर्ध्या तासात माणूस तिकडे फिरकत नसे. कोणाले दिवस गेले, कोणाच्या नवऱ्यानं हात उचलला, कोणती पोरगी कोणाले दाखवाची, सगळं तिथंच ठरे. बाकी दिवस मंग धानाचा, चुलीचा, पोरांचा. बायांचा तेवढाच अर्धा तास. इतकं सुख मले पुढं नोकरीतही नाही भेटलं, खरं सांगते.

अन् तिथंच पंचफुला. माझी धाकटी जाऊ. तुमसरकडून आली तेव्हा अठरा वर्षांची, आठ दिवस नुसती माहेराच्या नावानं रडे. मीच डबी पुढं केली. "लाव, जीव हलका होते." तिले चक्कर आली, पेरूले टेकून बसली, अन् आमी सगळ्या पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी स्वतःहून आली. रडणं बंद. मले तेव्हा किती बरं वाटलं होतं.

फुलाले मी लावलं हे. सकाळपासून हेच डोक्यात.

१५ जाने.
फुलाले फोन. सगळं सांगतलं, डागाचं, डबीचं. हसली. "बाई, शहरात राहून तुमी नाजूक झाल्या." म्हटलं, एकदा तोंड दाखव. म्हणे, दुखत नाही, काहून दाखवू? डॉक्टरीण तेच बोलली होती, सुरुवातीले दुखतच नाही. ते सांगतलं तं म्हणे, "मंग दुखलं तरी बीमारी, नाही दुखलं तरी बीमारी?" अन् म्हशीचं निमित्त करून फोन ठेवला.

आता आठवते. उन्हाळ्यात तिच्या भाचीच्या लग्नात तिनं बुंदीचा लाडू चुरून चुरून खाल्ला होता. मी चिडवलं, नवरीपेक्षा तूच लाजून राह्यली. तोंड पुरं उघडत नसन का तेव्हापासून? तीन बोटं बसत असतीन का तिची?

२० जाने.
कटंगीले आली. सकाळची बस, वारासिवनीपर्यंत उभी. बाजाराचा दिवस, बस कोंबड्यांसकट भरलेली. नीलूनं दोनदा विचारलं, मैं चलूँ? नको म्हटलं. हे माझं काम.

देर, फुलाचा नवरा, बाजारात गेलते. फुला अंगणातच भेटली. "जय भीम बाई" म्हणून पाया पडली, पाणी दिलं, अन् पाण्यामागून डबी. आमच्याकडे आल्या बाईले आधी तेच. मी नको म्हटलं. तिचं तोंड उतरलं.
"माह्या घरचं चालत नाही आता?"
"तसं नाही फुला."
"मंग काहून?"
फोनवर सगळं सांगून झालतं. डबी दोघींच्या मध्ये पडून राह्यली. पेरूचं झाड केव्हाच गेलं, तिथं आता संडास बांधला आहे.

संध्याकाळी परत विषय काढला, तोंड पाहू दे. ती भडकली. "दात पाहाले मी का बाजारातला बैल हाओ?" देर हसले. मी नाही हसली. मंग ती हळूच बोलली, देराले ऐकू जाऊ नये अशी. "तुमीच तं देल्ली होती मले."
हौ, मीच.

२१ जाने.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
सकाळी उन्हात बसलो दोघी. तिनं बोटावर गुडाखू घेतला, मी रिकामी. मी आरसा मागतला. आपला ओठ दोन बोटांनी खाली ओढला अन् म्हटलं, पाह्य. आधी माझं पाह्य. ती वाकली. बराच वेळ पाहत होती. तिच्या बोटावरचा गुडाखू सुकून गेला.
"एवढासाच?" म्हणे.
एवढासाच म्हणजे काय, ते मले लगेच समजलं.
तिनं उठून चूळ भरली. परत येऊन बसली अन् ओठ ओढला. तोंड दोन बोटांएवढंच उघडते. डाग माझ्यापेक्षा मोठा, जाडा, वरून खरबरीत, अन् एका बाजूले लाल फोड. दिवाळीपासून आहे म्हणते. फोड पंधरा दिवसांत जात नसन तं दाखवाच, असं शिबिराच्या भिंतीवरच लिहिलं होतं. इथं दोन महिने होऊन गेले.

मी ओरडली तिच्यावर. वर्गात ओरडत होती तशी. दिवाळीपासून अन् मले एक शब्द नाही? ती खाली पाहून बोलली, "माहीत नाही तोवर मी चांगली हाओ ना बाई. सयपाक करतो, धान पाखडतो, नातवाले न्हाऊ घालतो. एकदा नाव पडलं का मंग घरात सगळे माह्याकडे वेगळंच पाह्यतीन." मंग पदर तोंडाले लावून रडली. लग्नानंतरची रडली होती तशीच, आवाज न करता. या वेळेस माझ्याकडे तिले द्याले काही नव्हतं. पाठीवर हात ठेवून बसली तेवढी.

दुपारी देराले मीच सांगतलं. ते बाहेर जाऊन उभे राह्यले, मंग आत येऊन म्हणे, २८ ले घेऊन येतो.

२३ जाने.
बालाघाट. डॉक्टरणीले विचारून आली. २८ ले घेऊन या म्हणे, तिनं आताच नाव लिहून घेतलं. मी विचारलं, लवकर आहे का उशीर? म्हणे, देखे बिना कैसे बोलूँ अम्मा. रागच आला, पण खरं बोलली.

डबी घंटागाडीत टाकली. टाकताना वाईट वाटलं. वाटलं तं वाटलं, लिहून टाकते.

२८ जाने.
साडेनऊच्या बसनं येणार होते. बस आली, त्यात नाहीत. फोन लागत नाही. स्टँडवर बाकड्यावर बसून मी फुलाले मनातल्या मनात किती बोलली असन. सव्वाअकराच्या बसमधून उतरली, नवीन लुगडं नेसून, दवाखान्यात नाही, सोयऱ्याच्या घरी आल्यासारखी. म्हणे, निघताना दोनदा घरात परतली. देर पिशवी धरून दारात उभे राह्यले.

नर्सनं विचारलं, तंबाखू? फुलानं माझ्याकडे पाह्यलं. मंग स्वतःच सांगतलं, "गुडाखू. लग्नापासून." डॉक्टरणीनं तिचं तोंड बराच वेळ पाह्यलं, मान, जबड्याखाली, सगळं चाचपून. तुकडा काढला. सुईच्या वेळेस फुलानं माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. रिपोर्टले दहा दिवस. गाठ लागत नाही, हे चांगलं म्हणे. आणखी काही सांगितलं नाही.

फुला रिपोर्ट येतपर्यंत माझ्याकडेच राहीन. देर गावी गेले, म्हैस आहे.

३० जाने.
माझे तीन हप्ते झाले. डाग निम्मा फिका पडला. तुकडा काढाची गरज नाही, पुढच्या महिन्यात परत दाखवा. डॉक्टरीण खूश. मलेही इतका आनंद झाला की पायऱ्या उतरताना एकटीच हसली. घरी फुला भाजी निवडून राह्यली होती. "काय म्हणे?" "काही नाही, परत बोलावलं." एवढंच सांगतलं. रात्रभर लाज वाटली. कशाची, बरी होऊन राह्यली याची, का लपवलं याची, समजत नाही.

३ फेब्रुवारी
नीलूनं सांगून टाकलं तिले. फुला आली अन् माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "मले काय जळते का तुमचं चांगलं झालं तं?" तिच्या हातचा मार इतक्या वर्षांत पह्यल्यांदा खाल्ला. दुपारी दोघींनी मिळून साबुदाण्याच्या चकल्या घातल्या गच्चीवर. तिले टाका आहे, पातळ भातच चालते, तरी सगळ्या गल्लीच्या बाया तिनं गोळा केल्या. ओळख ना पाळख.

७ फेब्रु.
उद्या अकरा वाजता बोलावलं आहे.
सकाळी ओट्यावर बसलो, नुसता चहा घेऊन. आता बोटाले काम नाही तं काय बोलाव, हेच आधी सुचेना. मंग ती सासूबाईंच्या गोष्टी काढत बसली. त्या झोपेतही डबी उशाखाली धरत, ती गोष्ट, अन् कुंपणाच्या भोकातून येणारी शेजारीण अडकली होती, ती गोष्ट. दोघीही हसलो. तिचं तोंड उघडत नाही पुरं, हसते ती ओठ मिटूनच.

मंग म्हणे, "बाई, उद्या डॉक्टरीण हिंदीत भरभर बोलन. मले समजलं नाही तं तुमी सांगसान ना? जे असन ते?"
"सांगीन."
"गोड करून नका सांगू. अन् रडू नका. तुमी रडल्या का मलेच तुमाले समजवा लागते."
मी हौ म्हटलं.