दंडावरचा वळ

प्रिय धाकट्या,

फोनवर तू कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेतोस आणि तुझ्या नादाने मीही हसते, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त कुरकुरते. बाकी घरी सगळं ठीक.

आमच्या कामाची तू नेहमी थट्टा करतोस, की ताई लोकांचे दंड आवळत फिरते. पण घरोघरी रक्तदाब मोजून कुठल्या वस्तीतल्या माणसांची हृदयं लवकर थकतात आणि कशामुळे, हे कळलं तरच तपासणी केंद्र आधी कुठे काढायचं ते ठरतं. बाजारपेठेचे, शिक्षकांच्या वसाहतीचे आकडे साधारण अपेक्षेप्रमाणे आले. तुम्हा क्रेनचालकांच्या वसाहतीचे मात्र इतके गोड आले की आमचे साहेब खूश झाले आणि माझी झोप उडाली. ज्या वस्तीत धडधाकट माणसं पन्नाशीच्या आत छातीला हात लावून खाली बसली, तिथे सगळ्यांचा रक्तदाब कोवळ्या पोरांसारखा? कुठेतरी पाणी मुरत होतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी दूधवाल्यावर विश्वास ठेवत नाही, तर आकड्यांवर काय ठेवणार!

पहिला संशय आला नर्सवर. आमच्या दोघी नर्स वस्तीच्या दोन टोकांकडून घरं घेत येतात. त्यातली नवी फार अबोल आहे. ही बाई कुठेतरी सावलीत बसून मनाचे आकडे टाकत असणार, असं मी धरूनच चालले. परवा काही न कळवता तिच्यासोबत निघाले. तर काय, बाई अगदी चोख! माणसाला आधी शांत बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, तीनदा मोजायचं आणि पहिला आकडा सोडून द्यायचा, कारण पहिल्यांदा जो तो घाबरलेला असतो. मग मला यंत्राचा संशय आला. ते माझ्याच दंडाला लावून पाहिलं. माझा रक्तदाब यंत्राने बरोबर सांगितला, म्हणजे वाढलेलाच.

मग पुढच्या घरी गेलो, तर तिथले गृहस्थ समोर येऊन बसले. ठेंगणे, मिशीवाले, शर्ट नवा कोरा. त्यांनी बाही वर केली आणि मी पाहतच राहिले. आमचा पट्टा लागायच्या आधीच दंडावर पट्ट्याचा ताजा वळ! मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, डास चावला. एवढा रुंद डास मी जन्मात पाहिला नाही. घरातली बाई त्यांना अहो म्हणाली आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावून आत पळाली. मोजून झाल्यावर ते मागच्या दाराने सटकले. मी मागोमाग गेले आणि कुंपणावर एक पाय टाकलेला असताना त्यांना गाठलं.

मग सगळं बाहेर आलं. गृहस्थांची तब्येत ठणठणीत, म्हणून वस्तीने त्यांनाच पुढे केलेलं. एका टोकाला एकाच्या नावाने बसायचं, शर्ट बदलून दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच्या. असे अजून दोघे-तिघे आहेत म्हणे. रक्तदाब जास्त निघाला तर क्रेनवरून उतरवून झाडू हातात देतील, ही सगळ्यांची धास्ती. आमचे आकडे कंपनीकडे जात नाहीत, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही. मी कुणाला नावं ठेवू? त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. पण हे असंच चाललं तर तुमची वस्ती कागदावर सगळ्यांत निरोगी ठरेल आणि केंद्र शिक्षकांच्या दारात जाईल. म्हणून उद्या साहेबांना सांगणार आहे की ते आकडे रद्द करा. कुणाचं नाव घेणार नाही.

परतताना दुसरी नर्स भेटली. ती गेल्या आठवड्यात तुझ्याकडे येऊन गेली होती. फार कौतुकाने म्हणाली की तुमच्या भावाचा रक्तदाब अगदी छान आहे, पण तुम्ही एवढ्या उंच आणि ते माझ्या खांद्याला लागतात, असं कसं? मी हसले. काय करणार? धाकट्या, तू आपल्या दारातून वाकून आत येतोस. म्हणजे तुझ्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी बसला. ज्याला काही लपवायचं नसतं तो दुसऱ्याला बसवत नाही. तू आधीच कुठेतरी मोजून घेतलं आहेस आणि आकडा तुला माहीत आहे. बाबाही पित्त झालंय, पित्त झालंय म्हणत गेले, तेव्हा ते तुझ्याच वयाचे होते. मला फार भीती वाटते आहे रे. रविवारी घरी ये. मी कुठे लिहिणार नाही, आईला सांगणार नाही, तुझ्या बायकोलाही नाही. फक्त ये, आणि तुझाच हात पुढे कर.

तुझीच,
ताई