डावऱ्याच्या वर लंबू

अप्पा,

परवाच्या रविवारी मी लंबूला डावऱ्याच्या वर ठेवलं. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, कुठल्या मॅचवरून? ती पद्धत अजून आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, बास्केटबॉलच्या मातीच्या कोर्टावर सिमेंट आलं, पण रविवारी सकाळचा खेळ संपला की सगळे घाम पुसत कट्ट्यावर बसतात आणि या कोर्टावर खेळून गेलेल्यांत सगळ्यांत मोठा कोण, दुसरा कोण, पाचवा कोण, यावरून भांडतात. नियमही तुमचेच आहेत. डोळ्यांनी बघितलेल्या खेळाडूलाच नंबर द्यायचा. आणि कुणाला वर सरकवायचं असेल तर उभं राहून एक मॅच सांगायची: कुठं झाली, समोर कोण होतं, शेवटी काय घडलं. मॅच सांगता आली नाही तर खाली बसायचं. मी आता एकोणसाठ वर्षांची आहे. कॉलेजात मराठी शिकवते, गुडघ्यांमुळे खेळत नाही. तरी कट्ट्यावर मला जागा ठेवतात, कारण मॅच सांगण्यात माझा हात धरणारं तिथं कुणी नाही.

कागलच्या एमआयडीसीत सुटे भाग तपासणारी एक मुलगी आता आमच्यात खेळते. त्या दिवशी तिनं मोबाईलवर अमेरिकेतल्या खेळाडूंची यादी काढली होती. कुणाची जेतेपदं किती, कुणाचे गुण किती, सगळं त्यात होतं. म्हणाली, "अक्का, हितं सगळं मोजून ठेवलंय. तुमच्याकडं काय हाय? तोंडाची वाफ." चाचानं तिला अडवलं. चाचा म्हणजे तुमच्या टीममधला तो बदली खेळाडू, सीटकव्हरच्या दुकानाचा. दाढी तिशीतच पिकली म्हणून सगळ्यांचा चाचा झाला. म्हणाला, "ए पोरी, तुझ्या यादीतल्या एकाला तरी ह्या नळावर पाणी पिताना बघितलंयस का?" ती म्हणाली, "यूट्यूबवर बघितलंय की." "यूट्यूबवर मी चंद्रावर बी जाऊन आलोय," चाचा म्हणाला. पण मुलगी चुकीचं बोलत नव्हती. जेतेपदं मोजायची की एकट्याचे गुण, जड चेंडू घेऊन अनवाणी मातीवर खेळलेल्याला आणि आजच्या पोरांना एका रांगेत कसं बसवायचं, हे तुम्हालाही कधी सुटलं नाही. ऊस ज्या सालचा त्या सालच्या साखर-उताऱ्यानं मोजावा, एवढं म्हणून तुम्ही विषय मिटवायचा आणि लगेच स्वतःच पुन्हा काढायचा.

माझा क्रम सगळ्यांना पाठ होता. डावरा पहिला, कारण हवेत अर्धं वळून डाव्या हातानं तो जे टाकायचा ते पुन्हा कुणाला जमलं नाही. कोडोलीचा लंबू दुसरा. तालमीतून कान मोडून घेऊन आलेला आणि बोर्डाखाली कुणाला उभं राहू न देणारा पैलवान तिसरा. रविवारी मी उठले आणि हा क्रम मोडला. मिरजेची मॅच सांगितली. अर्धं मिनिट उरलेलं, आपण एका गुणानं मागं. आपला चेंडू रिंगवर आपटून उडाला. तीन हातांच्या मधून लंबू वर गेला आणि त्यानं तो धरला. तो रिंगच्या खालीच होता, स्वतः टाकू शकला असता. त्यानं मागं न बघता चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला. तिथं डावरा होता. मॅच आपली झाली. मी विचारलं, टाकणारा मोठा, की हातातली बास्केट दुसऱ्याला देणारा मोठा? टाळ्या पडल्या. बँकेतून निवृत्त झालेले एक जण म्हणाले, "आयला, जन्मभर डावरा डावरा केलंस आणि आज पलटी? हिंमत लागती याला." मुलीनं मोबाईल खिशात ठेवला. "बास अक्का. हे आकड्यात न्हाय बसत." चाचा तेवढा वाकून बुटाची नाडी बांधत होता. मी खूश होऊन घरी आले.

तुमचा तो रविवार मला सांगायचा आहे. तुम्ही तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होता. त्या दिवशी तुम्ही पैलवानाला पहिला नंबर दिलात, आणि सांगितलीत ती हीच मॅच. शेवटची बास्केट पैलवानानं डाव्या हातानं टाकली म्हणालात. कट्टा पेटला. "मास्तर आज मुद्दाम काडी लावायलेत," असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले. दुसऱ्या घरात बापानं माणसांची अशी अदलाबदल केली असती तर घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं. आपल्यात ते मत ठरलं, आणि मताला आपण उत्तर देतो. मी तीन रविवार उत्तर दिलं. पहिल्या रविवारी हसत, दुसऱ्या रविवारी चिडून. तिसऱ्या रविवारी मी स्कोअरशीटच घेऊन आले. मिरजेत स्कोअर लिहायला टेबलाशी मी बसले होते, एकवीस वर्षांची. शाळेतून निवृत्त झालात तेव्हा तुम्ही सगळ्या स्कोअरशीटांचा गठ्ठा मला दिला होता, "तुझ्या हातचं हाय, तूच सांभाळ," म्हणून. मी डावऱ्याच्या नावापुढचे शेवटचे दोन गुण मोठ्यानं वाचले. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, पोरीनं फाउल काढला की तुमचा!" सगळे हसले. तुम्ही माझ्या हातातून कागद घेतलात. बराच वेळ बघितलात. मग म्हणालात, "अक्षर चांगलं हाय तुझं." मी जिंकले होते आणि मला त्याचा आनंद झाला होता.

त्यानंतर महिन्याभरातली सकाळ. आई भाकरी थापते आहे. तुम्ही नेहमीप्रमाणे ओट्यावर पाच वाट्या उपड्या मांडल्या आहेत, पाच मोठ्या खेळाडूंच्या पाच, आणि त्या पुढं-मागं सरकवत मला काही समजावून सांगता आहात. शेवटच्या वाटीवर बोट ठेवून तुम्ही थांबता. "हा कोण गं?" आई मान वर न करता म्हणते, "वाटी हाय ती. द्या हिकडं, आमटी वाढायची हाय." मी हसते. तुम्ही हसत नाही. "अगं पण हा कोण?" आई माहेरच्या कानडीत म्हणते, "साकु की आता," म्हणजे पुरे. आणि मग वर बघते. तुमच्या तोंडाकडं बघत राहते. तव्यावरची भाकरी करपते, तिचा वास येतो, तरी कुणी हलत नाही.

पुढची पाच वर्षं मी लिहीत नाही. शेवटी तुम्ही मला विचारायचा, "कुठल्या टीमची गं तू?" मी तुमची मुलगी म्हणून सांगायचे. तुम्ही पटल्यासारखी मान हलवायचा, पण खुर्चीच्या कडेवरच बसून राहायचा, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखे. तुम्ही भ्यालेले असायचा. तुम्हाला भीती कशाची वाटते हे मी कधी विचारलं नाही. तुम्हाला सांगता येणार नाही असं मी धरून चालले होते.

सोमवारी कॉलेजातून परत आले तर चाचा दारात उभा. "चहा टाक अक्का," म्हणाला. स्वयंपाकघरात येऊन बसला, दुकानाचं, जावयाचं बोलला. चहा समोर आल्यावर म्हणाला, "लंबू त्या मॅचला न्हवता."

"काय बोलतोस?"

"न्हवता. बोर्डाखालचा चेंडू पैलवानानं काढला. पास पैलवानाचा."

मी हसले. "तू बेंचवर होतास चाचा. तुला तिथनं काय दिसणार?"

"बेंचवर हुतो म्हणून तर दिसलं. खेळणाऱ्याला कुठं काय दिसतंय?"

मी थांब म्हणाले. आत जाऊन कपाट उघडलं, गठ्ठा सोडला, मिरजेचा कागद काढून त्याच्यापुढं ठेवला. मला राग आला होता आणि बरंही वाटत होतं, कारण आता वाद संपणार होता. "वाच," मी म्हणाले. त्यानं कागदाला हात लावला नाही. "तूच वाच." मी वाचलं. आपल्या दहा खेळाडूंची नावं, चार नंबरपासून तेरा नंबरपर्यंत. लंबूचा नंबर पंधरा. तेराच्या खाली रेघ मारलेली होती. मी बोट वरून खाली नेलं, पुन्हा वर नेलं. अक्षर माझंच होतं. मग कोडोली आठवली, सगळी एकदम. मॅचच्या आदल्या दिवशी आपण दोघं एसटीनं गेलो होतो. लंबू उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता. पाय प्लॅस्टरमध्ये, खाट आखूड, दोन्ही पावलं खाटेबाहेर. तो तुम्हाला म्हणाला होता, "मास्तर, उद्या डावऱ्याला मोकळा सोडा." मी तिथं होते. त्याच्या आईनं माझ्या हातात पेरू दिला होता.

मी चाचाला विचारलं, "मग तिथंच का बोलला नाहीस? सगळ्यांसमोर?"

त्यानं बशीत चहा ओतला, पण प्याला नाही. "मास्तरांना तू कागद दाखवलास तवा मी त्यांच्या शेजारी बसलोतो, अक्का. कागद धरलेला हात बघितलाय मी त्यांचा. तवा कळलं न्हाय काय त्ये. परत कुणाचा तसा बघायचा न्हाय."

मी कागदाची घडी घातली. मग तो म्हणाला, "गुरुवारी दहाला येतो. माझी भाची हाय की दवाखान्यात, तिनं डॉक्टरला सांगून ठेवलंय. नुसतं विचारत्यात."

"काय विचारतात?"

"मला काय म्हाईत? मिरजेची मॅच तर विचारणार न्हाईत."

मी हसले. त्यानंतर कप ठेवायला गेले तर तो बशीवर वाजत राहिला आणि मला तो थांबवता येईना.

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. मंगळवारी वर्गात हजेरी घेताना प्रत्येक नावानंतर मान वर करून तोंड बघितलं, बरोबर तेच आहे ना. एक मुलगी घाबरली, तिला वाटलं तिचं काही चुकलं. घरी येताना नेहमीच्या वळणावर थांबले, आणि हे नेहमीचंच वळण आहे हे दुकानांच्या पाट्या वाचून ठरवलं. एका चुकीनं काही ठरत नाही, असं मी स्वतःला सांगते. अडतीस वर्षांपूर्वीची मॅच आहे, कुणीही चुकेल. चाचाही असंच म्हणाला, निघताना, चप्पल घालता घालता, माझ्याकडं न बघता. पण तुम्हीही याच मॅचवर चुकला होता. आणि मला विसर पडला असता तर कुठंतरी रिकामी जागा दिसली असती, तिथं मी अडखळले असते. रविवारी रिकामं काहीच नव्हतं. मी सलग बोलत होते. इतकं चांगलं मी वर्गातही बोलत नाही. मग आतापर्यंत कट्ट्यावर सांगितलेल्या मॅचांतल्या किती खऱ्या होत्या? कोण तपासणार? तेव्हाचं बघितलेले आता दोघंतिघंच उरले आहेत, आणि त्यांतला एक भीड बाळगून बुटाची नाडी बांधत बसतो. आई गेली. मला मूल नाही. ओट्यापाशी उभं राहून माझ्या तोंडाकडं बघणारंही कुणी नाही.

आज बुधवार आहे. दुपारपासून लिहिते आहे. उद्या मी जाईन. चाचाला तसं फोन करून सांगितलं, त्यानं "बरं" एवढंच म्हटलं आणि लगेच ठेवला, मी बेत बदलेन म्हणून. हे पत्र कुठं जाणार नाही. दवाखान्यातून आल्यावर ठेवायचं की फाडायचं ते बघेन.

एक राहिलं. कागद माझ्यापुढं आहे. कोडोली आठवते आहे. चाचा खोटं बोलत नाही. तरी डोळे मिटले की मिरजेत लंबूच वर जातो. त्याच्या जागी पैलवानाला उभं करून बघितलं, सकाळपासून बरेचदा. तो येत नाही. तुम्हालाही पैलवानाचा डावा हात असाच दिसला असेल, तर तुम्ही मत मांडत नव्हता अप्पा, समोर जे होतं ते सांगत होता, आणि मी ते तीन रविवार खोडून काढलं. उद्या डॉक्टरांनी खरंच विचारलं, चेंडू कुणी धरला, तर मी पैलवान म्हणेन. ते उत्तर बरोबर आहे. पण ते मी पाठ केलेलं आहे.